एका बाजूची ऊब

तिने निसटलेला चौथा थर्मामीटर काचेच्या पेटीच्या डाव्या कोपऱ्यात, तळापासून बोटभर उंचीवर पुन्हा चिकटवला आणि गुडघ्यांवर बसूनच वहीत आकडा लिहिला. एकतीस. बाकीचे तिन्हीही एकतीसच दाखवत होते. पेटीच्या दोन्ही टोकांना एकेक दिवा होता, खाली गरम होणारी चटई होती आणि हवा फिरती राहावी म्हणून जुन्या संगणकातून काढलेला छोटा पंखा लावलेला होता. तळाला कागद, एक उथळ वाटी, लपायला उलटं घातलेलं मातीचं भांडं. राहणारं मात्र अजून कोणी नव्हतं.

"सहावा दिवस," ती म्हणाली. "अर्ध्या अंशाचाही फरक नाही."

खुर्चीतून वाकून बघणाऱ्या तिच्या वडिलांनी, नानांनी, गंभीरपणे मान डोलावली.

"पडदा उघडलाय आणि नट अजून आलेला नाही, असं वाटतं बघ, इन्चार्जबाई."

ती दूध तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. नमुने ठरावीक उष्णतेत ठेवण्याची तिथली तीन कपाटं बावीस वर्षं तिच्या ताब्यात होती. त्यांच्या कुठल्याही कप्प्यात, कुठल्याही कोपऱ्यात हात घातला तरी सारखीच ऊब लागते, याचा तिला अभिमान होता. तो ती कोणाला बोलून दाखवत नसे. नाना ओळखून होते, म्हणून तर इन्चार्जबाई.

नानांनी चाळीस वर्षं नाटकांची प्रकाशयोजना केली होती. आयुष्यभर पंधरा फुटी शिडीवर उभा राहिलेला हा माणूस आठ महिन्यांपूर्वी आपल्याच खोलीत, बल्ब बदलताना, स्टुलावरून पडला. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ते तिच्याकडे होते; त्याआधी घरात ती एकटीच असे. तिने न्हाणीघरात दांड्या बसवल्या, फरशीवर रबराच्या पट्ट्या टाकल्या, आठवड्याच्या गोळ्यांचे कप्पे भरले. कामावरून दुपारी दोनदा फोन करायची: जेवलात का, पाणी कोमट होतं ना. काठी घेऊन ते चालायला लागले तरी ती एक पाऊल मागे असायचीच.

गेला महिनाभर ते म्हणत होते, आता मी माझ्या खोलीवर जातो. ती खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. एकच खोली, पण दोन खिडक्या आणि खाली ओळखीची माणसं. तिच्याकडे दर वेळी कारण तयार असे. आधी जिना, मग ओल आलेली भिंत, मग डॉक्टरांची पुढची तारीख. आता भिंतही सुकली होती आणि डॉक्टरांनीही पुढची तारीख दिली नव्हती. कारणं संपत आली तशी तिला ही कल्पना सुचली. घरात एखादा मुका जीव आला, त्याचं खाणंपिणं नानांच्या अंगावर पडलं, की त्यांचा पाय निघणार नाही. केसाळ जनावराने त्यांना शिंका सुटायच्या, म्हणून मग सरपटणारं. तिला वाटलं होतं, ते उडवून लावतील. त्यांनी फक्त विचारलं, "कधी बघायला जायचं?"

पत्ता मिळाला तो एका निवृत्त विज्ञानशिक्षिकेचा. त्यांच्या मागच्या खोलीत मांडणीवर पेट्याच पेट्या होत्या आणि त्या भागात त्यांना सगळे पालवाल्या बाई म्हणत. पालवाल्या बाई काही दाखवण्याआधी विचारत. यापूर्वी काही पाळलंय का? जिवंत रातकिडे हाताळायला जमतील का? हातात घेऊन कुरवाळायचं आहे, की नुसतं बघायचं आहे?

पहिल्यांदाच पाळतोय, असं कळल्यावर त्यांनी रंग बदलणारा सरडा दाखवलाच नाही. तो नाजूक, त्याचं दुखलं खुपलं कळेपर्यंत उशीर होतो, म्हणाल्या. सापाच्या पेटीपाशी तीच थबकली, कारण त्याचं खाणं, गोठवलेले उंदीर, घरातल्या फ्रिजमध्ये साठवावं लागणार होतं. कासव तिच्या मनात भरलं. पन्नास वर्षं जगतं, हे ऐकून तर फारच. नाना मात्र मान हलवत म्हणाले, "एवढ्या पुढच्या वर्षांचं ओझं कोणावर टाकू नये." बेडकाला त्यांनी वेगळ्या कारणाने नकार दिला: हा बोलका दिसतो, याला बोलणारं माणूस लागेल. मग बाईंनी एका पेटीतलं भांडं अलगद उचललं. खाली पिवळसर, काळ्या ठिपक्यांची, जाड शेपटीची एक पाल वर बघत होती. तिने चक्क पापण्या मिटल्या आणि उघडल्या.

"भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात," ती पुटपुटली.

"हिला असतात. आणि ही भिंतीवर चढत नाही. नवख्या माणसाला हीच बरी. शेपटीत चरबी साठवते, त्यामुळे एखाद्या दिवशी खाणं चुकलं तरी रुसत नाही."

नानांनी विचारलं, किती जगते? पंधरा-वीस वर्षं, बाई म्हणाल्या. ठीक, असं म्हणून नानांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. पंधरा-वीस वर्षं. तिने मनातल्या मनात नानांच्या वयात ती मिळवली आणि तिला बरं वाटलं.

पण बाईंनी पाल लगेच दिली नाही. त्यांची एक अट होती. पेटी आधी आठवडाभर चालवायची, रोजचं तापमान लिहायचं, आणि वही दाखवून मग पाल न्यायची.

आठव्या दिवशी तिने वही बाईंसमोर ठेवली. चार रकाने, दिवसातून तीन नोंदी, शेवटी आलेखही. बाईंनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं.

"इतकी नेटकी वही मी माझ्या सगळ्या नोकरीत बघितली नाही," त्या म्हणाल्या. "पण पाल देता येणार नाही."

तिला आधी नीट ऐकू आलं नाही, असंच वाटलं.

"चार थर्मामीटर आणि उत्तर एकच," बाई आलेखावरच्या सरळ रेघेवर बोट ठेवत म्हणाल्या. "असं का?"

"आमच्याकडे तेच तर हवं असतं. कोपरा न् कोपरा सारखा."

"तुमच्याकडे आत काय असतं?"

"दुधातले जिवाणू."

"त्यांना पाय नसतात."

काही जिवाणूंना शेपट्या असतात आणि ते पोहतात, हे तिच्या ओठांवर आलं होतं.

बाईंनी समजावून सांगितलं, तेही शाळेतल्या पोरांना सांगावं तसं नाही, सावकाश. पालीचं रक्त स्वतःहून तापत नाही, निवतही नाही. अन्न पचवायचं असलं की ती उबेत जाऊन पडते, अंग फार तापलं की उठून गारव्यात जाते. तिचं सगळं औषधपाणी म्हणजे हे चालणं. एकतीस अंश वाईट नाही, पण एकतीसच्या पलीकडे जायला जागा नसेल तर तीच ऊब तिला आठवड्याभरात आजारी पाडेल. एका टोकाला बत्तीस ठेवा, दुसऱ्याला पंचवीस. मधलं तिचं तिला ठरवू द्या.

"तुमचा हेतू चांगलाच आहे हो," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तिला कधी काय हवंय, ते आपल्याला बाहेरून कळत नसतं."

तिने वही बंद केली. कान तापले होते. नानांकडे बघायचं ती टाळत होती. परतताना बसमध्ये त्यांनी दुसरंच काहीतरी काढलं, एका जुन्या नाटकात मुख्य नटीची साडी दिव्याला लागून कशी धुमसली आणि ती संवाद न थांबवता कशी बाजूला सरकली. ती हसली, पण मधूनच. तिच्या डोळ्यांसमोर ती सरळ रेघ होती आणि रेघेमागे रबराच्या पट्ट्या, कप्प्यांतल्या गोळ्या, दुपारचे दोन फोन.

घरी आल्यावर नानांनी स्क्रूड्रायव्हर मागितला. पेटी तिने उचलून टेबलावर ठेवली. ते काठी भिंतीला टेकवून उभे राहिले. त्यांनी पंखा काढला, चटई एका बाजूला सारली, डाव्या टोकाचा दिवा सोडवून खाली ठेवला. उजव्या टोकाचा दिवा उचलायला ते वाकले तेव्हा तिचा हात सवयीने त्यांच्या कोपराकडे गेला. तो तिने मधल्यामध्ये थांबवला आणि ओढणीच्या टोकात गुंडाळून ठेवला.

"सगळीकडून उजेड टाकला ना, की माणसाचं नाक दिसत नाही," दिवा तिरका करत नाना म्हणाले. "चेहरा पोळपाटासारखा होतो. एका बाजूला अंधार ठेवावाच लागतो. नव्या मुलांना हे शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले."

"माझ्यामुळे झाले ते वेगळे."

"ते तर आधीच गळले होते."

पुढच्या आठवड्याच्या वहीत बत्तीस, एकोणतीस, सत्तावीस, पंचवीस असे आकडे उतरत गेले. आलेखावर सरळ रेघेऐवजी चार रेघा आल्या, एकीखाली एक. तिला त्या आवडायला दोन-तीन दिवस लागले.

बाईंनी या खेपेला वही नुसती चाळली आणि पाल झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ठेवली. मग एक कार्ड पुढे केलं. त्यावर पालीची जन्मतारीख, वजन, कात कधी टाकली ते, आणि सगळ्यात खाली 'पालकाचे नाव'.

"पालीचा, म्हणून पालक?" नानांनी विचारलं.

तेहतीस वर्षं शाळेचे फॉर्म भरून घेतले, दुसरा शब्द सुचतच नाही, असं सांगून बाईही हसल्या.

नानांचं नाव लिहायला तिने पेन उघडलं. पण ती जागा आधीच भरलेली होती. बाईंच्या गोल अक्षरात तिथे तिचंच नाव होतं.

"बाई, इथे चुकून माझं पडलंय. पाल नानांसाठी आहे."

बाईंनी चष्म्यावरून नानांकडे बघितलं. नाना मांडणीवरच्या बेडकात एकदम गुंगून गेले होते.

"त्यांनीच सांगितलंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही कामावर असताना चार वेळा फोन आला त्यांचा. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा घरात कोणीच नसलं तर चालेल का. माणूस फारसं बोलणारं नाही, तर तिला करमेल का. थकून आल्यावर फार करावं लागेल का. मीच म्हटलं, मग हीच बरी. दिवसभर झोपते, दिवेलागणीला उठते. तुम्ही घरी याल तेव्हा जागी असेल."

तिने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. कार्डावरचं वजन वाचलं. बावन्न ग्रॅम. परत एकदा वाचलं. मग नावापुढे सही केली आणि बाईंचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, जरा जास्तच वेळ. बाईंनीही तो सोडवून घेतला नाही.

बसमध्ये नानांना खिडकीची जागा मिळाली. डबा तिच्या मांडीवर होता. आत कधीतरी नखांचा अगदी बारीक आवाज होई आणि थांबे. नाना बाहेर बघत होते, त्यांच्या मानेवर ऊन पडलं होतं. त्यांची दाढी नीट झाली होती. सकाळी त्यांनी तिला न बोलावता स्वतःच केली होती, हे तिच्या आता लक्षात आलं.

"नाना, कधी जाताय?"

आठ महिन्यांत हा प्रश्न तिने असा पहिल्यांदाच विचारला होता. नाना लगेच वळले नाहीत. खिडकीच्या दांडीवरची त्यांची बोटं तेवढी थोडी सैल झाली.

"रविवारी म्हणत होतो."

"रविवारी मला सुट्टी आहे," ती म्हणाली. "बल्ब मी बदलून देईन. तुम्ही खालून सांगा, कसा लावायचा."

आता ते वळले. तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मांडीवरच्या डब्याकडे.

"ये," ते म्हणाले. "पण हिची संध्याकाळ व्हायच्या आत परत फीर."