हळूबाईचा उघड्या

मी एक फंक्शन बोलतोय. फंक्शन म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची छोटीशी जुडी. नाव घेऊन हाक मारली की नेमून दिलेलं एकच काम करायचं. माझं काम फाईल उघडण्याचं, म्हणून कचेरीत मला ‘उघड्या’ म्हणत. मी दवाखान्यांच्या संगणकांत राहतो. पडद्यावरच्या रुग्णाच्या कागदावर कुणी बोट ठेवलं की तो कागद कसला आहे ते मी बघतो आणि तसले कागद उघडायला जो प्रोग्राम तिथं नेमलेला असेल, त्याला उठवतो.

ऐकायला सोपं वाटतं. पण संगणक तीन तऱ्हांचे. एकाला घातलेली हाक दुसऱ्याला कळत नाही, आणि तिसरा तर ओ देतो, पण जागचा हलत नाही.

जिनं मला लिहिलं ती कमी बोलायची, सावकाश काम करायची. सगळे तिला हळूबाई म्हणत. तिच्या टेबलावर तिन्ही तऱ्हांचे जुने संगणक मांडलेले असत. लांबलचक नावांच्या फायली, नावात मोकळी जागा असलेल्या फायली, अर्धवट तुटलेल्या फायली माझ्यापुढे टाकून ती मला तिन्हीकडे पळवायची. मी अडखळलो की रागवायची नाही. “बरं, पुन्हा,” एवढंच.

शेवटी तिनं मला शिकवलं, की फसलास तर लपवायचं नाही. लाल अक्षरांत सांगायचं: ‘कागद आहे, पण उघडला नाही. दुसरीकडे पाहा.’

“एक फाईल उघडायला महिना?” विभागाचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. “मी हातातला चहा संपायच्या आत शंभर उघडतो!” सगळे हसले. हळूबाईही हसली.

मग एका मोठ्या दवाखान्याच्या मंडळींना मला दाखवायला साहेब स्वतः गेले. तिथला संगणक नेमका तिसऱ्या तऱ्हेचा निघाला. मी लाल अक्षरं दाखवली. मंडळी एकमेकांकडे बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी साहेब हळूबाईच्याच खुर्चीत बसले, तिच्याच नावानं चालू असलेल्या संगणकावर, आणि त्यांनी माझी ती ओळ खोडली. काहीही होवो, हिरव्या अक्षरांत ‘उघडला’ म्हणायचं.

“सर, हा आता खोटं बोलेल.”

“खोटं कसलं? गप्प बसेल. तुझ्यासारखा.”

तिनं वर तक्रार करायला हवी होती. केली नाही.

चार महिन्यांनी एक बेकरीवाला भट्टीसमोर कोसळला. दवाखान्यात आणलं तेव्हा शुद्ध नव्हती. एक औषध त्याला अजिबात चालत नसे, मागे एकदा जिवावर बेतलं होतं. म्हणून त्याच्या बायकोनं त्याच दवाखान्यात रांगेत उभं राहून तसा कागद संगणकात चढवून घेतला होता.

नर्सबाईंनी त्या कागदावर बोट ठेवलं. मी हाक मारली. कुणी उठलं नाही. मी म्हणालो, ‘उघडला.’

“उघडला म्हणतंय डॉक्टर, पण दिसत काहीच नाही.”

“म्हणजे त्यात काही नसेल. द्या इंजेक्शन.”

बायको पोचली तेव्हा त्याच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

चौकशीत साहेबांनी नोंद काढून दाखवली. माझ्यातला शेवटचा बदल हळूबाईच्या नावावर होता. साहेबांनी ती ओळ खोडली त्या दिवशी शेजारच्या टेबलांवर सहा जण बसले होते. सहाही जणांना काही आठवेना. हळूबाईला काढून टाकलं.

ती खण रिकामा करत होती, तेव्हा बेकरीवाल्याची बायको कचेरीत आली.

“हे लिहिलं कुणी?”

“मी,” हळूबाई म्हणाली.

बाई ओरडली नाही. “ताई, मला एवढंच सांगा. तो कागद तिथं होता ना? सासूबाई म्हणतात, मी दिलाच नाही. माझ्यामुळे गेला म्हणतात. लेकीला माझ्याजवळ झोपू देत नाहीत.”

“होता. सगळ्यात वर होता.”

“लिहून द्याल?”

“काही लिहून द्यायचं नाही!” साहेब दारातून म्हणाले.

हळूबाईनं लिहून दिलं. सुवाच्य अक्षरात. ‘कागद होता, पण मी लिहिलेल्या फंक्शननं तो उघडला नाही.’ खाली सही. साहेबांनी “बघू जरा” म्हणत त्याचा फोटो काढून घेतला, आणि हसून कागद बाईच्या हाती दिला. पुढे खटला झाला, तेव्हा कोर्टात तोच फोटो हळूबाईची कबुली म्हणून वाचला गेला. त्यानंतर तिला कुणी संगणकाला हात लावू दिला नाही. बाईची लेक तिला परत मिळाली की नाही, ते मला कळलं नाही.

साहेबांना बढती मिळाली. मी आज चारशे दवाखान्यांत आहे. मला दुरुस्त करायचं म्हणजे चूक कुणाची ते कबूल करावं लागेल, म्हणून मला कुणी हात लावत नाही.

तुमच्यापैकी कुणाला हे काम येत असेल, तर मला नीट करत बसू नका. तेवढा वेळ तुम्हालाही कुणी देणार नाही. सरळ पुसून टाका. पण आत्ताच, कारण एका वॉर्डात कुणीतरी कागदावर बोट ठेवलंय.