ओलसर पोती

तिसरा घाणाही वाया गेला, तेव्हा धाकटीने भट्टी बंद केली आणि परातीत गार होणाऱ्या बियांकडे नुसती बघत राहिली. काही करपलेल्या, काही आतून कच्च्या, आणि सगळ्या एकाच पोत्यातल्या.

कॉफीचा मळा एका देशात, भट्टी दुसऱ्या देशात. वडील गेल्यावर भावंडांनी काम वाटून घेतलं होतं. दादाने पिकवायचं, धाकटीने भाजून विकायचं. मधे बोटीचा महिनाभराचा प्रवास. बिया नीट वाळल्या नसल्या की त्या महिन्यात पोत्यातच कुबट व्हायच्या.

तिने फोन लावला.

"दादा, माल पुन्हा ओलसर आलाय."

"बोटीवर धरली असेल ओल."

"आतून प्लास्टिकचं अस्तर आहे. तूच बिया पुरत्या वाळायच्या दोन दिवस आधी पोती भरतोस."

"बाबा दातांनी बी चावून बघायचे. मीही तेच करतो. तू जरा तुझ्या भट्टीकडे बघ."

"आणि मी पाठवलेलं ओल मोजायचं यंत्र?"

"आहे की. कपाटात नीट ठेवलंय."

नीट ठेवलंय म्हणे. धाकटीने फोन ठेवला. दुपारी नेहमीच्या कॅफेवाल्याला तिने खरं काय ते सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून मी दुसरीकडून घेतो." चार शब्द चढ्या आवाजात बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

रविवारी वहिनीचा फोन आला. "वन्सं, हे बाहेर गेलेत म्हणून बोलते. यंत्र कपाटात नाही, माझ्याकडे आहे. रोज खळ्यावर जाऊन मोजते. मागची पोती भरली तेव्हा आकडा चौदा होता. अकरा हवा ना?"

"मग दादाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. तुझी स्वयंपाकातली मापं इथे नकोत, म्हणाले."

धाकटीला हसावं की रडावं कळेना. दोन वर्षं ती फोनवर घसा कोरडा करत होती. "निदान मला तरी सांगायचं होतंत," ती चिडून म्हणाली.

"तुम्ही कधी विचारलंत? मी फोन उचलला की म्हणता, दादाला द्या."



दुसऱ्या दिवशी तिने दादाला सांगून टाकलं. वहिनी हो म्हणेपर्यंत एकही पोतं शिवायचं नाही, नाहीतर ती माल उतरवून घेणार नाही.

"म्हणजे माझ्याच मळ्यात मी परवानगी मागायची?"

"हो."

दादाने फोन ठेवला. त्यानंतर दोन महिने तो तिच्याशी बोलला नाही. खबर यायची ती वहिनीकडून. एकदा त्याने हट्टाने वीस पोती शिवूनच टाकली. वहिनीने सकाळी एकटीने ती उसवली आणि बिया पुन्हा खळ्यावर पसरल्या.

"आणि दादा?" धाकटीने विचारलं.

"पायरीवर बसून बघत होते. दुपारी उठले आणि दंताळं घेऊन आले. माझ्या शेजारी बिया पसरत राहिले."

तो माल आला. पहिला घाणा उतरला तो एकसारखा तपकिरी. धाकटीने मूठभर बिया हातात घेतल्या, वास घेतला, आणि तिला आनंदाआधी रागच आला. एवढं सोपं होतं तर. कॅफेवाल्याकडे ती पाकीट घेऊन गेली. त्याने कौतुक केलं, पण त्याचा नव्या माणसाशी वर्षभराचा करार झाला होता.

संध्याकाळी दादाचा फोन आला, आपणहून.

"कसा आहे माल?"

"चांगला आहे."

"असणारच. यंदा ऊनच कडक होतं."

धाकटीने डोळे मिटून घेतले. "हो दादा," ती म्हणाली आणि उरलेली पाकिटं आता कुणाला विकायची याची यादी करायला बसली.