मंगळवारची जोडी

मास्तर बावीस वर्षं संसदेत विरोधी बाकावर बसत होते. या खेपेचं सरकार अल्पमतातलं, एकेका मतावर तगलेलं. सत्तेतल्या वकीलसाहेबांची मूत्रपिंडं निकामी झालेली. दर मंगळवारी त्यांना डायलिसिससाठी इस्पितळात जावं लागे. तेव्हा मास्तरांनीच शब्द दिला, "तुम्ही नसाल त्या दिवशी मीही मत देणार नाही. फिट्टंफाट!" कागद नाही, सही नाही. दोन वर्षं झाली, मंगळवारी मतदानाची घंटा वाजली की मास्तर उठून बाहेर जात आणि मागून कुणीतरी हमखास म्हणे, "निघाले नवरदेव!"

आणि त्यांच्याच पक्षानं अविश्वास ठराव आणला, तोही नेमका मंगळवारी. मुद्दामच, दुसरं काय!

"तुमच्या एका मतानं सरकार पडतंय," पक्षाचा प्रतोद म्हणाला. "शिक्षणमंत्री व्हायचंय ना? बाहेर गेलात तर पुढचं तिकीट विसरा."

शिक्षणमंत्री! तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोला? गळक्या छपराच्या शाळेत निम्मं आयुष्य गेलं होतं त्यांचं. पण घंटा सुरू झाली तसे ते उठले आणि बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले. पाच मिनिटांनी दारं बंद होणार होती. आतून शिव्या ऐकू येत होत्या.

तेवढ्यात चाकाची खुर्ची खडखडत आली. खुर्चीत वकीलसाहेब! चेहरा सुजलेला, धाप लागलेली.

"अहो, आज डायलिसिस?"

"नाही केलं. आमच्या पक्षाचे म्हणाले, मास्तर आज मत देणार. म्हणून तसाच उठून आलो." मास्तर बाहेरच बसलेत हे ध्यानात आलं आणि त्यांची मान खाली गेली.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग दोन वर्षं मी इथे माशा मारत बसलो होतो? जिवाचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?"

घंटा अजून वाजत होती. दार दहा पावलांवर. वकीलसाहेबांनी एकदा तिकडे पाहिलं आणि खुर्ची ढकलणाऱ्याला म्हणाले, "फिरव मागे."

मास्तरही त्यांच्याबरोबर इस्पितळात गेले. निकाल तिथेच कळला. मतं समसमान पडली, सभापतींच्या मतानं सरकार वाचलं. पाठोपाठ प्रतोदाचा फोन आला. तिकीट गेलं ते गेलंच, उद्यापासून पक्षातही यायचं कारण नव्हतं.

मास्तरांनी फोन खिशात टाकला. यंत्र सुरू होतं, वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता.

"कुणाचा हो?" त्यांनी विचारलं.

"घरून. येताना भाजी आणा म्हणते."