सदानंदरावांचा बुल ट्राउट

कॅनडाहून परत आल्यापासून तीन आठवड्यांत सदानंद देवस्थळींचा मासा चार किलोंनी वाढला. दोह्याच्या विमानतळावर ते उतरले तेव्हा तो दोन किलोंचा होता. ऑफिसात पोहोचेपर्यंत तीन झाला. आणि फरीज बिन ओमरान भागातल्या त्यांच्या घरी, हॉलमध्ये संक्रांतीच्या तिळगुळाला मंडळी जमली, तेव्हा तो सहाच्या खाली यायला तयार नव्हता.

मृणालिनी स्वयंपाकघराच्या दारात तिळाच्या वड्यांचं ताट घेऊन ऐकत उभी होती. मासा दरवेळी नवा असायचा, त्यामुळे तिला कंटाळा येत नसे.

"बाहेर उणे नऊ," सदानंदराव सांगत होते. "तळ्याच्या काठाला बर्फाची किनार. काठीच्या कड्यांमध्ये दोरी गोठते, दर दोन मिनिटांनी बोटांनी बर्फ फोडायचा. आणि हा बुल ट्राउट काही गांडुळाला भुलणारा नव्हे. हिवाळ्यात तो लहान माशांच्या मागे काठाशी येतो. त्याला पिसांची आणि दोऱ्याची खोटी माशी दाखवायची. फ्लाय फिशिंग म्हणतात ते हेच."

"म्हणजे माशी दाखवून मासा काढायचा," अवधूत पेडणेकर म्हणाला.

अवधूत वेंगुर्ल्याचा. दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आयटीत आलेला, एकटाच राहणारा, त्यामुळे देवस्थळींकडचा एकही सण न चुकवणारा. तो मासे बघत, पकडत आणि खात मोठा झाला होता. उलट सदानंदराव नाशिकचे, आणि मासा त्यांच्या ताटाच्या आसपासही कधी आला नव्हता. हे जमलेल्या सगळ्यांना माहीत होतं. पण फोटो होता ना. फोटोत सदानंदराव गुडघ्यांवर बसलेले, आणि त्यांच्या ओल्या हातांत फिकट ठिपक्यांचा, मोठ्या डोक्याचा मासा.

"आणि काकू कुठे होत्या?" अवधूतनं विचारलं.

"ती गाडीत, हीटर लावून," सदानंदराव म्हणाले. "तिला थंडी सोसत नाही."

इथवर मृणालिनीनं सगळं चालवून घेतलं होतं. मासा कितीही फुगो, तिची हरकत नव्हती. पण गाडीत कोण बसलं होतं, हे त्या तळ्याकाठच्या दगडांनाही ठाऊक होतं. जावयानं, मिहीरनं, दोघांच्या हातात आळीपाळीनं काठी दिली होती. सदानंदरावांनी वीस मिनिटांत ती माशी दोनदा स्वतःच्याच टोपीत अडकवली आणि मग ऑफिसचा फोन आहे म्हणून जे गाडीत जाऊन बसले, ते काचेतूनच हात करत राहिले. मृणालिनीला मात्र तिसऱ्या फेकीतच गंमत कळली. ओली चादर झटकून वाळत घालतात, तसंच होतं ते. मागे न्यायची, मागे ती पूर्ण उलगडू द्यायची, आणि मगच पुढे. घाई केली की चादरीचा बोळा. तासाभरानं काठी अशी वाकली की ती बर्फावर दोन पावलं पुढे ओढली गेली. मासा काठाशी आल्यावर सदानंदराव धावत आले, फोटोपुरता त्यांनी तो उचलला, आणि तिकडच्या नियमाप्रमाणे मिहीरनं लगेच पाण्यात सोडला. फोटो मिहीरनंच काढला. काठी मृणालिनीच्या हातात होती, म्हणून ती फोटोत नव्हती.

तिनं ताट टीपॉयवर ठेवलं आणि गोड आवाजात म्हणाली, "अहो, ते डोळे मिटून फेकायचं सांगा ना यांना."

सदानंदरावांनी तिच्याकडे पाहिलं. असं काही घडलंच नव्हतं. पण चौदा माणसं त्यांच्याकडे बघत होती.

"हो, ते राहिलंच," ते म्हणाले. "शेवटी शेवटी मी डोळे मिटूनच फेकत होतो. मनगटाला आपोआप कळतं."

"आणि मिहीर म्हणाला ना, की बाबा, तुम्ही इथल्या लोकांनाच शिकवा?"

"म्हणाला तसं," सदानंदरावांनी वडी तोंडात टाकली.

"मग आम्हालाही शिकवा," अवधूत म्हणाला. "काठी आहे का इथे?"

"आहे की," मृणालिनी म्हणाली. "जावयानं भेट दिली आहे. कपाटावर पडली आहे बिचारी."

"चला तर. शुक्रवारी अल रुवैसच्या किनाऱ्यावर जाऊ," अवधूत म्हणाला.

"इन्शाल्ला," सदानंदराव म्हणाले. जे होऊ नये असं वाटतं, त्याला दोह्यात तेच म्हणतात.

"इन्शाल्ला कशाला?" मृणालिनी म्हणाली. "शुक्रवारी तुम्हाला दुसरं काम तरी काय आहे?"

शुक्रवारी सकाळी साडेसातला तिघं निघाले. सव्वा तास सरळसोट रस्ता. अवधूत गाडी चालवत होता, सदानंदराव शेजारी बसून वाऱ्याबद्दल चिंता व्यक्त करत होते, आणि मागे मृणालिनी मांडीवर ढोकळ्याचा डबा घेऊन खिडकीबाहेर बघत होती. वारा काही पडला नव्हता आणि फार सुटलाही नव्हता. जानेवारीतलं मऊ ऊन होतं. रुवैसच्या अलीकडे समुद्र ओहोटीनं मागे गेलेला, आणि लांबवर घोट्याएवढं, गुडघ्याएवढं स्वच्छ पाणी पसरलेलं.

काठावर एक माणूस तारेचा घुमटासारखा मासेपिंजरा दुरुस्त करत बसला होता. अवधूतनं त्याच्याशी दोन मिनिटांत ओळख काढली. नाव रिफत, बांगलादेशातला, बोटीवर काम करणारा. साहेब माशीनं मासा पकडणार हे ऐकल्यावर त्यानं पक्कड खाली ठेवली.

सदानंदरावांनी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात चार पावलं गेले. माशी मृणालिनीनं घरूनच बांधून आणली होती, पांढऱ्या पिसांची. नावाला माशी, दिसायला बोटाएवढा मासा.

"काका, डोळे मिटून," अवधूतनं आठवण केली.

"आधी जरा अंदाज घेतो."

"तुम्हीच म्हणालात ना, मनगटाला कळतं," मृणालिनी म्हणाली.

सदानंदरावांनी डोळे मिटले. काठी मागे नेली आणि दोरी उलगडायच्या आतच जीव खाऊन पुढे झोकली. चाबूक ओढावा तसा कडाक्कन आवाज झाला. दोरी पुढे पाण्यात जाऊन वेटोळं करून पडली. आणि माशी, टोकाचा दोरा तुटून, मागच्या मागे मृणालिनीच्या पावलाजवळ वाळूत.

"आवाज ऐकलास?" डोळे उघडत सदानंदराव म्हणाले. "असा आवाज आला पाहिजे."

अवधूत पाण्याकडे बघत होता. मृणालिनीनं खाली वाकून माशी उचलली, वाळू झटकली आणि मुठीत धरून शांतपणे, घरून आणलेल्या घडीच्या खुर्चीवर जाऊन बसली.

पुढचा अर्धा तास सदानंदरावांनी मन लावून मासेमारी केली. दोरी फेकली, हळूहळू ओढली, पुन्हा फेकली. डावीकडे मासे आहेत म्हणून डावीकडे सरकले, मग उजवीकडे. अवधूतला समजावून सांगितलं की धीर हाच यातला खरा भाग आहे. एकदा तर "आत्ता लागला होता, सुटला" असंही म्हणाले. मृणालिनीनं ओढणीचा पदर तोंडाशी धरला आणि ढोकळा नीट झाकलेला आहे ना ते पुन्हा पुन्हा पाहिलं.

शेवटी रिफतला राहवलं नाही. तो पाण्याच्या कडेला आला आणि अदबीनं म्हणाला, "साहब, बुरा मत मानना। आगे कुछ बँधा नहीं है।"

सदानंदरावांनी दोरीचं टोक हातात घेतलं. ते टोकच होतं.

"हे मुद्दाम," ते म्हणाले. "आधी नुसत्या दोरीचा सराव करायचा असतो."

मृणालिनी उठली, चपला काढून पाण्यात गेली आणि नवऱ्यापुढे मूठ उघडली.

"ही तुमची माशी. मागेच पडली होती."

"कधी?"

"डोळे मिटले होतेत तेव्हा."

तिनं त्यांच्या हातून काठी घेतली. दोरा माशीच्या नाकातून ओवला, पाच वेढे दिले, गाठ थुंकीनं ओली करून हळूच आवळली. अवधूत आता पाणी सोडून तिच्या बोटांकडे बघत होता. तिनं काठी मागे नेली आणि क्षणभर थांबली. मागे दोरी ताठ लांब झाली, मग पुढे निघाली आणि पाण्यावर अशी अलगद टेकली की तरंगही उठला नाही. चौथ्या की पाचव्या फेकीला तिचा हात गपकन खाली गेला.

"मासो लागलो," अवधूत पुटपुटला. वेंगुर्ल्याची भाषा त्याच्या तोंडी माशासमोरच यायची.

मासा दोरी घेऊन सुटला, तिनं ती जाऊ दिली. मग वळला, तिनं ओढून घेतली. पाच-सात मिनिटांनी दोन वितींचा, सोनेरी झाक असलेला शेरी मासा रिफतच्या जाळीत तडफडत होता. रिफतनं मान डोलावली, त्याच्या परीनं ते खूप होतं.

"काकू," अवधूत सावकाश म्हणाला, "तुम्ही त्या तळ्यावर गाडीत बसला होतात ना?"

सदानंदराव पाण्यातल्या स्वतःच्या पायांकडे बघू लागले. पंचावन्न वर्षांच्या माणसाचे कान असे लाल झालेले मृणालिनीनं पूर्वी पाहिले नव्हते. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, तीन आठवड्यांपासून.

"बसले होते की," ती म्हणाली. "जाताना आणि येताना."

अवधूत पाठ फिरवून समुद्राच्या दिशेनं खोकत राहिला. बराच वेळ खोकला. मासा मृणालिनीनं रिफतला देऊन टाकला आणि सगळ्यांना ढोकळा वाढला.

अवधूतला त्याच्या बिल्डिंगखाली सोडल्यावर गाडी सदानंदरावांनी घेतली. तिसऱ्या सिग्नलला म्हणाले, "सरळ सांगून टाकायचं होतंस."

"मजा येत होती."

"ते डोळे मिटायचं मुद्दाम काढलंस."

"मी गाडीत होते, हे तुम्ही मुद्दाम काढलंत."

सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे ते हलले.

"त्या दिवशी बोटं इतकी गारठली होती, की काठी हातात आहे की नाही तेच कळेना," ते म्हणाले. "फोन वगैरे काही नव्हता. मिहीर म्हणाला, बाबा, तुम्ही बसा गाडीत. आणि मी मुकाट्यानं जाऊन बसलो. काचेतून तू दिसत होतीस. सगळं कसं झकास जमत होतं तुला. मला वाटलं, झालं, आता आपण गाडीत बसवायच्या लायकीचे." त्यांनी समोरचा आरसा उगाच सारखा केला. "मग मासा उचलला तेव्हा वाटलं, एवढा तरी आपला असू दे."

मृणालिनीला चिडवायचं होतं, चिडवून झालंही होतं. हे असं काही त्याखाली असेल, असं तिच्या मनात आलं नव्हतं.

"मासा सहा किलोंचा असता तर मी तळ्यात पडले असते," ती म्हणाली.

"अडीच होता."

"दोन."

"बरं, दोन," सदानंदराव म्हणाले, आणि पुढचा अर्धा रस्ता आपल्याशीच हसत राहिले.

पुढचे दोन आठवडे ऑफिसला जायच्या आधी देवस्थळी नवराबायको बिल्डिंगच्या गच्चीवर दिसू लागले. पहिले चार दिवस तिनं त्यांच्या हातात काठी दिलीच नाही. ओली चादर दिली. "झटका. घाई करू नका. मागे उलगडली का? आता पुढे." वॉचमननं विचारलं, तर सदानंदराव गंभीरपणे म्हणाले, डॉक्टरनं खांद्याचा व्यायाम सांगितला आहे. पाचव्या दिवशी काठी मिळाली, माशीशिवाय. टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधलेला. तो एकदा अँटेनात अडकला आणि एकदा वॉचमनच्या वाळत घातलेल्या बनियनमध्ये.

मग एका शनिवारी दोघंच रुवैसला गेले. रिफत बोटीवर गेला होता, काठ मोकळा होता. सदानंदराव गुडघाभर पाण्यात उभे, मृणालिनी खुर्चीवर मोसंबी सोलत. तासभर मासा फिरकला नाही. पण एकदा, कसं कोण जाणे, त्यांचा हात मागे थांबला तेवढाच थांबला. दोरी त्यांच्या पाठीमागे सरळ उलगडली, डोक्यावरून लांबच लांब गेली आणि पार पलीकडच्या गडद पाण्यावर पिसासारखी उतरली. सदानंदराव काठी तशीच धरून वळले. चेहरा शाळेतल्या बक्षिसाच्या दिवसासारखा.

"पाहिलंस?"

मृणालिनीनं सगळं पाहिलं होतं, अगदी मनगटाच्या वळणापासून. तिनं मोसंबीची फोड तोंडात टाकली.

"काय? माझं लक्ष नव्हतं," ती म्हणाली. "परत टाका बघू."