कपाटातला समुद्र

निळी टोपी, हरभऱ्याच्या डाळीएवढी, काचतंतूच्या टोकावर धूळ बसू नये म्हणून घालायची, मघापासून तिच्या बोटांत फिरत होती; बाहेर वादळ पत्रे वाजवत होतं आणि आतून तिची कॉलर ताठ होती. लाटा मोजणारे तिन्ही तरंगते मापक सकाळीच दोर तोडून गेले होते. (एक वाळूवर जाऊन पडला होता आणि तिथून इमानेइतबारे वाळूची उंची कळवत होता.) उरली होती फक्त तिची केबल, समुद्रतळाशी निजलेली, लोकांचे फोन वाहणारी. त्या केबलमधला एक रिकामा तंतू तिने मागून घेतला होता. त्यात प्रकाश सोडायचा. वरून लाट गेली की तळ दबतो, तंतू केसाच्याही अंशाने ताणला जातो, आणि परत येणारा प्रकाश चुगली करतो; किती वेळाने परत आला त्यावरून ती जागा किती दूर तेही कळतं... दोन वर्षं सगळे हसले. मामा सोडून. मामा फेरीबोटीचा कप्तान. तिकीट तपासल्यासारखा एकेका प्रवाशाला गाठून सांगायचा, माझी भाची समुद्राची नाडी बघते.

आणि आज बंदराच्या अधिकाऱ्याने स्वतः फोन करून विचारलं होतं. मामाची बोट बाहेर आहे, एकशेचाळीस प्रवासी. बंदराच्या मुखाशी लाट तीन मीटरच्या आत असेल तरच आत घेऊ, काय म्हणते तुमची वायर? तिने बंदराच्या मुखाचा आकडा पाहिला. दोन पूर्णांक एक. येऊ द्या, ती म्हणाली होती. येऊ द्या! मी म्हणाले आणि बोट वळली, मी... पण ही टोपी कुठली?

भेंडोळ्याची. आठशे मीटर सुटा तंतू, जोड बिघडला तर कापायला हाताशी असावा म्हणून मागच्या आठवड्यात तिनेच मशीन आणि केबलच्या मध्ये जोडून कपाटात ठेवलेला... आणि अंतरातून तो वजा केला होता का? केला असेल. केला होता?

ती उठली आणि तिने कपाटाला लाथ घातली. पडद्यावर किनाऱ्यापासून आठशे मीटरपर्यंतचा समुद्र दचकला.

म्हणजे आठवडाभर नकाशावर हे कपाट समुद्रात होतं. म्हणजे मुख म्हणून तिने वाचलं ते आठशे मीटर अलीकडचं, बांधाआडचं निवांत पाणी. खरं मुख पुढे सरकून बसलं होतं, आणि तिथे चार पूर्णांक दोन.

"कपाटाने काय केलं?" शेजारच्या टेबलावरून तात्यांनी विचारलं. तात्या तिचे वरिष्ठ. तिने सांगितलं तसे ते हळूच म्हणाले, की मशीन बिघडलं म्हण, तुझं नाव कशाला. पण मशीन बिघडलं म्हटलं की पुढचा आकडा कुणी घेणार नाही, आणि मामाला आज पुढचाच आकडा लागणार... तिने फोन उचलला.

"बोट थांबवा. चार पूर्णांक दोन आहे. मघाचा आकडा मी चुकवला, केबलने नाही."

"मग आत्ताचा बरोबर कशावरून?"

"कपाटाला लाथ मारून बघितली."

असं खोटं कुणी बोलत नाही, असा काहीतरी हिशेब अधिकाऱ्याने केला असावा. त्याने वायरलेसवर मामाला जोडून दिलं.

"भाचे, मी निम्मा वळलोय. नक्की?"

"नक्की, मामा. चूक माझी होती."

"बरं." मग खरखरीतून, "इकडे सगळे ओकतायत. सांगितलंय त्यांना, भाची म्हणते थांबा."

बोटीच्या इंजिनाची थरथरही तळापर्यंत पोचत होती. तिची बारीक रेघ पडद्यावर मुखापाशी अडखळली, वाकली, आणि पुन्हा खोल पाण्याकडे निघाली. लाट कधी उतरेल ते केबल सांगत नव्हती, ती फक्त आत्ताचं सांगते. चार पूर्णांक दोन. चार पूर्णांक तीन. मघाची ती ताठ कॉलर कुठे गेली कळलं नाही. तिच्या जागी काहीतरी ओबडधोबड येऊन बसलं होतं, धड टेकूही देत नव्हतं. दर मिनिटाला ती आकडा मोठ्याने वाचत राहिली, आणि प्रत्येक आकडा एकशेचाळीस माणसांइतका, मामा धरून एकशेएकेचाळीस, जड लागत होता... आणि तात्या उठून म्हणाले, दे, मी वाचतो थोडा वेळ, तेव्हा तिने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि दिला नाही.