सेलाची साल

तुम्ही चोर आहात, साहेब. टेबलावर हिरवं कापड अंथरलं आणि दारात शिपाई उभा केला म्हणून चोरीची जप्ती होत नाही. ताहेराचा निकाह तोंडावर आलाय आणि तिच्या आईच्या हातचं कापड तुमच्या जंगल खात्याच्या कोठीत पडलंय.

ताहेराचा बाप वहाब. खामगावच्या कापसाच्या जिनात बॉयलरपुढं भाजून कंटाळला, म्हणून मुंबईला गेला, तर बोटीच्या बॉयलरपुढंच उभा राहिला. टोंगा नावाच्या बेटावर तो तापानं आडवा पडला. बोट त्याला टाकून गेली. तिथल्या लोकांनी त्याला उचललं, आणि कोण, कुठला हे विचारायच्या आधी शहाळं त्याच्या ओठाला लावलं. तो तिथंच राहिला. सेला नावाच्या बाईशी घर मांडलं, ताहेरा झाली. सेला अल्लाकडं गेली तेव्हा तो लेकीला घेऊन परतला. सोबत कापडाची एक जाड घडी.

निकाह धामणगाव बढ्याला, वहाबची बहीण खैरुन्निसाच्या घरी. गाडीवान पुंजाजीच्या दमणीत, त्या छपराच्या बैलगाडीत, तिघं निघाले. समोरून कापसाच्या गाड्या येत होत्या. बाभळीच्या काट्यांना कापूस अडकून राहिलेला, जसा खडकावर फेस.

"काऊन हो वहाबभाई, तिकडं कापूस पिकते का?"

"बोंड पाह्यलं नाई त्याईनं."

"मंग बाया काय नेसतात?"

"झाड सोलतात. आतली साल भिजवतात, ओंडक्यावर ठेवून मोगरीनं कुटतात. तुकड्याले तुकडा कंदाच्या खळीनं चिकटवतात. वाढत वाढत अंगणभर होते."

"म्हंजे गोधडीच म्हना!"

"लग्नात वाटेवर आथरतात, काका," ताहेरा म्हणाली. "नवरी त्याच्यावरून चालते."

"आईच्या कापडावर पाय? अवो बाई!"

"आई म्हने, पाय ठेव, म्हंजे मी तुले खालून धरीन."

पुंजाजीनं कासरा ढिला सोडला. बैलांच्या घुंगरांत वहाबचा डोळा लागला आणि घुंगरांची ठकठक झाली. घराघरांतून मोगऱ्या वाजतायत, बाया गुडघ्याला गुडघा लावून बसल्यात, मधे सेला. खोबरेल आणि धुराचा वास. मग रविवार उजाडला. रविवारी मोगरी उचलायची नाही, पोरंसुद्धा कुजबुजतात, नुसता समुद्र श्वास घेतो. सेलाच्या बापाची बहीण आली. तिथं बापाच्या बहिणीचा मान सगळ्यांत मोठा, तिनं हात लावला ती वस्तू तिची. पण या घडीला तिनंही हात लावला नाही. म्हणाली, ही पोरीची. दुसऱ्या दिवशी सेला पुन्हा खोकत होती आणि कुटत होती...

दमणी थांबली. पिंपळगाव राजाच्या पुढचा जंगल नाका. नाकेदारानं घडी ओढली, उलगडली, हुंगली.

"हे काय बे?"

वहाब अजून अर्धा समुद्रावरच होता. "साल हाय, साहेब. झाडाची."

झालं!

"कोनत्या जंगलातली? पास दाखव."

"शेला हाय हो, शेला!" पुंजाजी ओरडला. "पोरीच्या मायचा!"

"आता शेला झाला काय? आत्ता त्यानंच साल सांगतली ना."

"सेला माह्या बायकोचं नाव," वहाब म्हणाला.

"साल, शेला, बायको! एक काय ते ठरवा बे!" नाकेदार हसला आणि घडी आत घेऊन गेला.

वहाब तुमच्या कचेरीत आला. हात जोडून म्हणाला, हे झाड तुमच्या जंगलात दाखवा, मी जेलात जातो. तुम्ही मान वर न करता म्हणालात, आमच्या जंगलात नसेल तर परवान्याचा प्रश्न आणखीच गंभीर आहे.

आज खैरुन्निसाच्या अंगणात पाहुणे जमलेत. काजी येऊन बसलाय. खैरुन्निसानं आपली रेशमी चादर उंबऱ्यापुढं अंथरली. ताहेरा तिच्या गळ्यात पडली, रडली, पण चादरीवर पाय ठेवीना. "फुफी, खाली कोनी नाई माह्या."

साहेब, सात समुद्रांपलीकडच्या बाईनं छाती फुटेस्तोवर कुटलेलं कापड तुमच्या कोणत्या कायद्यानं लाकूडफाटा ठरतं? पोरगी उंबऱ्याबाहेर उभी आहे. बोला!