डाव्या कानाचा रखवालदार

मित्रांनो, मी कार्डिफमधल्या एका डॉक्टरांच्या डाव्या कानाचा इअरप्लग आहे. आत्मवृत्त सांगावं एवढं माझं आयुष्य मोठं नाही. मी शेंगदाण्याहून थोडासाच मोठा आणि वय अवघं सहा वर्षं. शिवाय सगळा जन्म दुसऱ्यांचं ऐकण्यात गेला, त्यामुळे स्वतः बोलायचं म्हटलं की संकोच वाटतो. तरी सांगतो. कंटाळा आला तर खुशाल पान उलटा.

डॉक्टर पुरुषोत्तम इथल्या हॉस्पिटलात भूल देण्याचं काम करत. निवृत्त झाल्यावर ते शेजाऱ्याबरोबर क्ले शूटिंगला जाऊ लागले.

"अहो, आयुष्यभर लोकांना झोपवलंत, आता बंदुकीने उठवायला निघालात का?" त्यांच्या पत्नी अर्चनाताई म्हणाल्या.

"अगं, मातीच्या तबकड्या असतात. यंत्र हवेत फेकतं, आपण फोडायच्या."

"जीव मारत नाही ना? मग जा. पण कान सांभाळा."

डॉक्टरांनी आधी स्पंजच्या बुचांनी काम भागवलं. त्यामुळे बार ऐकू येईना, पण शिकवणाऱ्याच्या सूचनाही ऐकू येईनात. मग कानांवर बसणारे मोठे मफ आणले, तर गाल टेकवताना बंदुकीचा दस्ता त्या मफांनाच आपटे. शेवटी ते ग्वेन नावाच्या कान तपासणाऱ्या बाईकडे गेले. तिने दोन्ही कानांत मऊ लगदा भरला आणि म्हणाली, "आता तोंड उघडा, मिटा, हसा." जबडा हलला की कानाची वाटही बदलते, म्हणून. डॉक्टरांना उघडणं-मिटणं जमलं. हसायला मात्र वेळ लागला.

त्या साच्यावरून आम्ही घडलो, मी आणि माझा उजवा जुळा भाऊ. आमच्या पोटात छोटा माइक आणि त्याहून छोटी बॅटरी. हळू आवाज असला तर तो मोठा करून आत न्यायचा, बार उडाला की क्षणात दार लावून घ्यायचं. बंदूक उजव्या खांद्याला लावली की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो, म्हणून माझ्यावर जबाबदारी जास्त. ती आपल्याला पेलेल का, ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती.

पण पहिल्याच रविवारी डॉक्टर मैदानाच्या कडेला थबकले. "चंडोल!" ते पुटपुटले. कितीतरी वर्षांनी त्यांना तो पक्षी गाताना ऐकू आला होता, आणि तो मी आत नेला होता. हळूहळू ते क्लबमधल्या लोकांचे विनोद ऐकून वेळेवर हसूही लागले. त्या रविवारांची मला अजून ओढ लागते. आपण कोणाला इतकं नेमकं लागू पडतो, हे सुख सगळ्यांना मिळत नाही.

मग दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी देविका लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली. जावई वरद ब्रॅकनेलला आयटीत. डॉक्टर त्याला हौसेने मैदानावर घेऊन गेले आणि तिथे माझी डबी त्याच्यापुढे धरली.

"वरदराव, हे घाला. फर्स्ट क्लास आहेत."

"अहो बाबा, ते तुमच्या मापाचे आहेत. मला इथले मफ चालतील."

"छे, छे! पहिल्यांदा आलात आणि क्लबचे जुने मफ घालणार? घरी कळलं तर मला जेवायला मिळणार नाही."

जावयाला घरातलं सगळ्यात चांगलं द्यायचं, हे डॉक्टरांच्या हाडात होतं. चांगली वस्तू फक्त आपल्याच कानाला चांगली आहे, हे त्या क्षणी त्यांच्या लक्षात आलं नाही. वरदच्या कानात मी सैल बसलो. फटीतून पहिला बार आत घुसला तेव्हा तो दचकला. मी ओरडून सांगणार तरी कसं?

"बसले ना नीट?" डॉक्टरांनी विचारलं.

"परफेक्ट, बाबा."

सासऱ्यांनी आपल्या कानातलं काढून दिलेलं. त्याला कसं नावं ठेवणार? तो तीनच बार झाडून थांबला. त्याचे कान दोन दिवस वाजले आणि बरे झाले.

डॉक्टरांनी मात्र खिशातली स्पंजची बुचं घातली होती. वरद काय म्हणतो ते ऐकायला त्यांनी डावं बूच काढलं, आणि बोलण्याच्या नादात परत घालायचं विसरले. तसेच दोन बार झाडले. माझी जागा उघडी होती आणि मी परक्या कानात होतो.

महिन्याभराने ग्वेनने तपासलं. "डावा कान बराचसा गेलाय," ती म्हणाली. "तो परत येणार नाही." "देविकाला कारण सांगू नकोस," डॉक्टर अर्चनाताईंना एवढंच म्हणाले.

ते अजून शूटिंगला जातात आणि मला घालतात. उरलेलं तरी जपायला हवं ना. मी पहिल्यासारखाच चपखल बसतो. पहिल्यासारखेच आवाज आत नेतो. तिथे घ्यायला कोणी येत नाही. कधी वाटतं, दोष माझाच असेल.

गेल्या रविवारी वरद पुन्हा आला. आता त्याच्याकडे स्वतःच्या मापाची जोडी आहे. डॉक्टरांना कमी ऐकू येतं हे त्याला कळलं होतं, कारणही त्याने ताडलं असावं, पण कोणता कान गेला हे ठाऊक नव्हतं. तो डॉक्टरांच्या डावीकडे उभा राहिला आणि खूप हळू म्हणाला, "बाबा, त्या दिवशी ते सैल होते. मी बोललो असतो तर तुम्ही परत घातले असते. सॉरी."

मी होती नव्हती तेवढी ताकद लावली. उजवीकडून वारा होता. भावाच्या माइकमध्ये वाराच भरला होता.

"पुढची तबकडी तुमची हं, वरदराव," डॉक्टर समोर बघत म्हणाले. वरदने मान खाली घातली. त्यांनी आपल्याला माफ केलं नाही, असंच त्याला वाटलं असावं.

मित्रांनो, पाहुण्याला हवं ते द्या, पण आपल्या मापाचं संरक्षण काढून देऊ नका. आणि कोणी प्रेमाने दिलेलं बसत नसेल, तर तिथल्या तिथे सांगा. आणि वरदराव, हे कधी तुमच्या वाचनात आलं, तर माझी एक विनंती आहे. तेच वाक्य एकदा उजव्या बाजूला येऊन बोला.